उत्तर नको

मंगळवार, रात्री उशिरा

एका जुन्या मैत्रिणीला लांबलचक मेसेज लिहिलाय. स्पष्ट, जरा जास्तच स्पष्ट. शेवटी लिहिलं, 'उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.' पाठवणार, तेवढ्यात सारा चर्चिल आठवली.

इंग्लंडच्या ॲन राणीची ही सखी. ॲन राजकन्या होती तेव्हापासूनची. हुद्द्याचं अंतर ॲनलाच नको होतं, म्हणून पत्रांसाठी टोपणनावं ठरली: ॲन झाली मिसेस मॉर्ली, सारा मिसेस फ्रीमन. हे 'फ्रीमन' सारानं आपल्या मोकळ्या स्वभावाला शोभतं म्हणून घेतलं. पण ही बरोबरी ॲननं दिलेली होती. जिनं दिली तिला ती परतही घेता येते, हे साराच्या कधी डोक्यात आलं नसावं.

१७०२ मध्ये ॲन राणी झाली. राणीचा पोशाख, खासगी तिजोरी, सगळं साराच्या हाती आलं. हुद्द्याची खूण म्हणून सोन्याची किल्ली. साराचा नवरा मार्लबरो सेनापती. आणि राणी? १७ वेळा गरोदर राहिलेली, त्यातला सर्वांत जास्त जगलेला मुलगा ११ व्या वर्षी गेलेला, गाउटनं, म्हणजे सांधे सुजवणाऱ्या दुखण्यानं, पाय धरलेले. तिला सोबत हवी होती. सारा मात्र दरबारात फारशी नसायचीच, आणि आली की व्हिग पक्षाची बाजू घेऊन तिला शिकवत बसायची.

सारानंच आपल्या एका गरीब आतेबहिणीला, ॲबिगेलला, राणीच्या महालात कामाला लावलं होतं. तिथली हात धुण्याची रीत वाचून मी थांबलेच. राणीसमोर गुडघे टेकून तिच्या हातांवर पाणी घालायची ती खालच्या दर्जाची दासी. वरच्या दर्जाच्या मानकरणीनं नुसतं बघत उभं राहायचं. मान बघणारीचा, हात मात्र पाणी घालणारीच्या जवळ! ॲबिगेल पाणी घालत राहिली, दुखण्यात उशाशी राहिली. तिचं लग्न गुपचूप झालं, त्याला राणी हजर होती, आणि साराला पत्ताच नाही.

१७०८ मध्ये विजयाच्या प्रार्थनेला लंडनच्या सेंट पॉल्स चर्चला जाताना दोघी बग्गीत भांडल्या. कशावरून, तर सारानं काढून ठेवलेले दागिने राणीनं घातले नाहीत. चर्चपाशी पोचल्यावर सारानं चक्क राणीला गप्प बसायला सांगितलं. एवढं मोकळेपण कोण सोसणार? (माझ्या मेसेजमध्येही असंच एक वाक्य आहे.)

६ एप्रिल १७१० ला केन्सिंग्टनच्या राजवाड्यात दोघींची शेवटची भेट. सारानं आधी कळवलं होतं, मला फक्त माझी बाजू मांडायची आहे, उत्तराची अपेक्षा नाही. ॲननं तेच धरून ठेवलं. सारा रडली, विनवण्या केल्या. राणी पुन्हा पुन्हा एकच म्हणत राहिली: तुम्हाला उत्तर नको होतं, मिळणारही नाही.

पुढच्या जानेवारीत किल्ली परत गेली. मग सारानं हिशेब काढला. राणीनं पूर्वी देऊ केलेले आणि तिनं मानानं नाकारलेले वर्षाला २,००० पौंड, नऊ वर्षांचे १८,०००. ॲननं तेही मान्य केले. म्हणजे मिसेस फ्रीमननं शेवटी पगारच मागितला.

माझा मेसेज अजून तसाच आहे. शेवटची ओळ तेवढी खोडली.