कोटिंग कधी वाळणार?

पॉलिस्टायरीन (एक प्लास्टिक, म्हणजे पॉलिमर) टोल्युईन या सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे विरघळवणाऱ्या द्रवात, विरघळवायचं, पातळ थर द्यायचा आणि वजन कसं उतरतंय ते बघत बसायचं, गेले काही महिने माझं हेच चाललंय. सुरुवातीला टोल्युईन भराभर उडतं, मग दुधावर धरते तशी वर साय धरते आणि आतलं सॉल्व्हंट अडकून बसतं. व्रेंटास आणि डुडा यांची १९७७ची फ्री-व्हॉल्यूम थिअरी (रेणूंमधल्या रिकाम्या जागेतून सॉल्व्हंट कसं सरकतं ते सांगणारी) हे छान समजावते, पण तिला इतके पॅरामीटर लागतात की नवीन पॉलिमर घेतला की अर्धा वेळ तेच शोधण्यात जातो, म्हणून रँडम फॉरेस्ट (डेटावरून शिकून अंदाज करणारं मशीन लर्निंगचं मॉडेल) लावून बघितलं, इनपुट वेळ, तापमान, थराची जाडी आणि आउटपुट उरलेलं सॉल्व्हंट.

पहिला रिझल्ट इतका भारी आला की मला शंकाच आली. एकाच प्रयोगाचे पॉइंट ट्रेनिंगमध्येही आणि टेस्टमध्येही गेले होते, म्हणजे पेपर आधीच फुटलेला! आता अख्खा प्रयोग बाजूला ठेवूनच टेस्ट करते, एरर वाढली पण आकडा खरा आहे.

आणि हो, ट्रेनिंगमधल्यापेक्षा जाड थर दिला की रँडम फॉरेस्टला पुढचं कळतच नाही, तिथे मला अजूनही डिफ्युजनचं (सॉल्व्हंट थरातून कसं पसरत जातं त्याचं) समीकरणच जास्त भरवशाचं वाटतं.