सैल सांध्यांचं एसीएल: बडोदा–मुंबई–बडोदा

एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आत हाडं धरून ठेवणारा पट्टा (लिगामेंट). तो तुटला आणि सांधे मुळातच सैल असतील, तर ऑपरेशनसाठी बडोद्याहून मुंबई गाठावी लागते. जाणं सोपं आहे, त्यावर शब्द खर्च करत नाही. पायाला बेल्ट, सकाळची गाडी, पाच-सहा तास. त्रासाच्या जागा दोनच: ऑपरेशनआधीचं सर्जनशी बोलणं आणि परतीचा प्रवास.

‘दुर्बिणीतून करू, दोन-तीन टाके, तिसऱ्या दिवशी घरी’ हे वर्णन घट्ट सांध्यांच्या माणसाचं आहे. मल्लखांबावर वाटेल तसं लवणारं पोर बडोद्याच्या दांडिया बाजारात कौतुकाचं असतं. तोच लवचिकपणा गुडघ्यात नडतो. घरीच बायटन स्कोअर, म्हणजे सांधे किती सैल आहेत त्याचे गुण, काढा. करंगळी नव्वद अंशांच्या पुढे मागे वळते का, अंगठा मनगट वाकवून कोपराखालच्या हाताच्या आतल्या बाजूला टेकतो का, कोपर आणि गुडघा दहा अंशांहून जास्त उलटे जातात का: चारही गोष्टी दोन्ही बाजूंना, म्हणजे आठ गुण. पाय सरळ ठेवून दोन्ही तळवे जमिनीला टेकले की नववा. पन्नाशीच्या आतल्या मोठ्या माणसाला पाच किंवा जास्त गुण आले, तर ते सर्जनला पहिल्याच वाक्यात सांगा. त्यावर ‘त्याने काय फरक पडतो’ असं उत्तर आलं तर फाइल उचला आणि निघा. साधं एसीएल बडोद्यात चांगलं होतं, त्यासाठी मुंबईची गरज नाही. मुंबई गाठायची ती सैल सांध्यांची ऑपरेशनं नेहमी करणाऱ्या हातासाठी.

फरक ग्राफ्टमध्ये पडतो. ग्राफ्ट म्हणजे तुटलेल्या एसीएलच्या जागी बसवायची नस; नस म्हणजे इथे रक्ताची नव्हे, स्नायू हाडाला जोडणारी दोरी. मांडीच्या मागची हॅमस्ट्रिंग काढणं सोपं, म्हणून बहुतेक ठिकाणी तीच घेतात. पण सैल शरीरातली नसही सैलच. ती हळूहळू ताणते, आणि वर्षभराने गुडघा पुन्हा सटकायला लागतो. त्यात ग्राफ्ट आठ मिलिमीटरहून बारीक निघाला तर धोका आणखी वाढतो. अशा गुडघ्याला त्याच्या वाटीखालच्या नसेचा मधला भाग, दोन्ही टोकांना हाडाचे तुकडे ठेवून काढलेला (बीटीबी), जास्त टिकतो. तोटाही ऐका: वाटीच्या पुढे दुखतं, गुडघे टेकून बसणं अवघड होतं. दात्याची (मृत शरीरातून काढलेली) नस तरुण माणसाने घेऊ नये.

सर्जनला दुसरा प्रश्न: गुडघ्याला बाहेरून टेनोडेसिसचा जादा आधार देणार का? मांडीच्या बाहेरच्या पट्ट्याची साधारण सेंटीमीटरभर रुंद फीत खाली जोडलेलीच ठेवतात, बाहेरच्या लिगामेंटखालून ओवतात आणि मांडीच्या हाडाला बसवतात. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या स्टॅबिलिटी चाचणीत पंचविशीच्या आतले 618 रुग्ण होते. सगळ्यांना हॅमस्ट्रिंगच लावली होती. दोन वर्षांत नुसत्या ग्राफ्टवाल्यांपैकी 11 टक्क्यांचा ग्राफ्ट तुटला, टेनोडेसिस जोडलेल्यांपैकी 4 टक्क्यांचा. सैल सांधे हा त्या चाचणीत निवड होण्याच्या निकषांपैकी एक होता. यासाठी बाहेरून वेगळा काप लागतो, म्हणजे ‘दोन-तीन टाके’ तिथेच संपले. सैल त्वचेवर व्रण रुंद होतात, टाके जास्त दिवस ठेवायला सांगा. दाताच्या डॉक्टरकडे भुलीचं इंजेक्शन पुरत नसेल तर भूलतज्ज्ञाला आदल्या दिवशीच कळवा.

घोट्याला तोच नियम: स्वतःचंच लिगामेंट आवळणारं ब्रॉस्ट्रॉम एकटं पुरत नाही, आतून बसवायच्या टेपचा किंवा नसेचा आधार मागा. खांदा सगळ्या दिशांनी सटकत असेल तर आधी किमान सहा महिने व्यायाम, मग सुरीचं नाव.

आता बिल. पॅकेजमध्ये बहुतेक वेळा इम्प्लांट, म्हणजे ग्राफ्ट हाडाला पकडून ठेवणारे भाग, नसतात. बटण किती, स्क्रू किती, टेनोडेसिससाठी वेगळा अँकर किंवा स्टेपल लागणार का, हे किमतीसकट आधी लिहून घ्या. रिकाम्या खोक्यांवरचे स्टिकर बिलाला चिकटवून मागा. त्यावर एमआरपी आणि लॉट नंबर असतो. ऑपरेशननंतरचा एक्स-रे समोर धरून धातूची बटणं मोजा. एक्स-रेत एक आणि बिलात दोन असतील तर डिस्चार्जवर सही करू नका. प्लास्टिकचे स्क्रू एक्स-रेत दिसत नाहीत, त्यांना स्टिकर हाच पुरावा. शेव्हर ब्लेड आणि वाँड (दुर्बिणीबरोबर आत घालायची हत्यारं) ‘नवे’ म्हणून लावतात, त्यांचीही रिकामी पाकिटं मागा.

परतीचा प्रवास वाईट म्हणजे वाईटच. मोटार नको. मागच्या सीटवर पाय लांब केला की पट्टा नीट लागत नाही, आणि बडोद्याजवळ महामार्गावरच्या जांबुव्याच्या पुलाजवळ गाड्या तुंबल्या की प्रत्येक धक्का थेट गुडघ्यात जातो. रेल्वेच घ्या, थर्ड एसीची लोअर बर्थ. साइड लोअर नको, येणारे-जाणारे पायावरच्या ब्रेसला (आधाराच्या पट्ट्याला) आपटतात. दोन्ही स्टेशनांवर व्हीलचेअर आधी सांगून ठेवा.

सगळ्यात मोठी चूक बर्थवर होते. बरोबरचा माणूस प्रेमाने टाचेखाली उशी सरकवतो. साध्या गुडघ्याला पाय सरळ व्हावा म्हणून फिजिओ हेच सांगतात. सैल गुडघा मात्र मधल्या पोकळीत खाली लोंबतो, उलटा वाकतो आणि नवा ग्राफ्ट ताणला जातो. उशी पोटरीपासून गुडघ्यापर्यंत सलग हवी. ब्रेस बिजागरीचा घ्या. त्याचा कोनाचा डायल शून्याच्या, म्हणजे सरळ पायाच्या, मागे जाऊ देऊ नका. सर्जनने वेगळा आकडा लिहिला असेल तर तोच. तासाभरात ब्रेस खाली सरकतो आणि बिजागरी पोटरीवर येते. वाटीच्या रेषेत आहे का ते दर स्टेशनला बघा. पावलं वर-खाली हलवत राहा, रक्त गोठू नये म्हणून.

आणि तारीख ठरवताना पंचांग बघा. वळण्याच्या खेळाला नऊ महिन्यांआधी परवानगी नाही, आणि गरबा हा वळण्याचाच खेळ आहे, तोही अनवाणी. ऑपरेशनपासून नवरात्रापर्यंत नऊ महिने होत नसतील तर त्या वर्षीच्या नवरात्रात खुर्ची घेऊन कडेला बसा.