वॅगनआरचं ऑइल तिसऱ्यांदा घरी बदललं, आणि चेंबरखालचा थेंब थांबला

गाडी तीच, २०१३ ची वॅगनआर, के१० इंजिन, ९९८ सीसी, तीन सिलिंडर. मीटर ८४,३१२. मागचं ऑइल ७८,९०० ला टाकलं होतं म्हणजे साधारण ५,४०० किलोमीटर झाले. मॅन्युअलमध्ये १०,००० किंवा एक वर्ष असं आहे, तरी मी ५,००० च्या आसपासच बदलतो आणि त्याला कारण आहे. माझी रोजची चक्कर धनकवडी ते स्वारगेट, सातारा रोडच्या सिग्नलला थांबत थांबत पाच एक किलोमीटर, तेवढ्यात इंजिनच्या तापमानाचा काटा मधे येतो पण ऑइल काही नीट तापत नाही, आणि ऑइल तापलं नाही की त्यात उतरलेली पाण्याची वाफ न् न जळलेलं पेट्रोल तिथंच राहतं. पावसाळ्यात ऑइलचं झाकण उघडलं तर आतून फिकट खाकी साय धरलेली दिसायची. हायवेला पळणाऱ्या गाडीचे १०,००० आणि माझे १०,००० सारखे नाहीत.

आता मुख्य विषय, थेंब. पहिल्यांदा घरी ऑइल बदललं तेव्हा सगळं कोरडं. दुसऱ्यांदा बदलल्यावर चार दिवसांनी पार्किंगच्या फरशीवर रुपयाएवढा डाग दिसला. पुसला, परत आला. मग खाली पुठ्ठा टाकून ठेवला आणि रोज सकाळी बघायला लागलो, रात्रीतून एक थेंब, कधी दोन. डिपस्टिकवर (ऑइलची पातळी बघायची पट्टी) फरक जाणवत नव्हता पण मला चैन पडेना. चेंबरचा, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याचा, ऑइल काढायचा ड्रेन बोल्ट अजून आवळायचा मोह होत होता, नाही आवळला, आणि ते फार बरं झालं. चेंबर पातळ असतो, त्यातले आटे गेले की दहा रुपयांचं काम हजारात जातं.

एका शनिवारी नाना पेठेत जाऊन सामान आणलं. कंपनीचा ओरिजिनल फिल्टर, ५डब्ल्यू-३० ऑइलचा साडेतीन लिटरचा कॅन, आणि ड्रेन बोल्टचे वॉशर. दुकानातल्या काकांनी फिल्टर काढतानाच विचारलं, "वॉशर घेतला का? सगळे फिल्टर नेतात न् वॉशर जुनाच लावतात." मी दोन घेतले. दुसऱ्या वेळी मी अगदी तेच केलं होतं, जुना वॉशर चांगला दिसतोय म्हणून परत लावला होता. हा वॉशर मऊ धातूचा असतो, बोल्ट आवळला की दबून चेंबरच्या तोंडाचा आकार घेतो न् तिथं सील होतो. एकदा दबला की दबला, दुसऱ्यांदा तसा बसत नाही.

ऑइलच्या नंबरबद्दल परत लिहितो कारण मला दर वेळी विचारतात. डब्ल्यू म्हणजे वॅट नाही, विंटर. थंडीत ऑइल किती सहज वाहतं त्याचा तो आकडा आहे, आणि ३० म्हणजे १०० डिग्रीला किती घट्ट राहतं ते. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे पारा ८-१० पर्यंत उतरला तरी ५डब्ल्यू ला काहीच अडचण नाही, त्यामुळे त्यावर वाद घालत बसण्यात अर्थ नाही, मॅन्युअलमध्ये जो ग्रेड दिलाय तो टाका. "उन्हाळा आहे, जाड टाका" हे मी तरी ऐकत नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी आधी कात्रज डेअरीपर्यंत जाऊन दूध घेऊन आलो, म्हणजे ऑइल कोमट झालं. फार गरम नको, हात भाजतो, पण गारही नको, गार ऑइल सगळं खाली येत नाही न् गाळ चेंबरमधेच बसून राहतो. मग सपाट जागा, हँडब्रेक, पहिला गियर, मागच्या चाकांना विटा, जॅकने पुढची बाजू उचलून दोन्ही बाजूंना स्टँड. नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका, एकदाही नाही, मिनिटभरासाठी पण नाही. बोल्टला सहा कडांचा सॉकेट लावला. बारा कडांचा पाना आधीच घासलेल्या बोल्टवर सटकतो आणि माझा बोल्ट घासलेला आहे, मी घरी सुरू करायच्या आधी एका गॅरेजमधे इतका आवळला होता की पहिल्या वेळी पान्याला पाइप लावून उघडावा लागला.

बोल्ट सुटला, घमेल्यात काळी धार पडली. काळं म्हणजे खराब असं नाही बरं का, ऑइलमधलं डिटर्जंट काजळी धरून ठेवतं म्हणून काळं होतं, ते त्याचं कामच आहे. बोटावर घेऊन चोळलं, कचकच नाही, उन्हात धरलं तर चकाकणारे कण नाहीत. समाधान वाटलं.

धार संपून थेंब पडायला लागले तेव्हा बोल्ट हातात घेऊन बघितला. माझा वॉशर त्यावर होता, एका बाजूला दबलेला, दुसऱ्या बाजूला जवळजवळ कोराच. असं कसं? टॉर्च घेऊन चेंबरच्या भोकाकडे बघितलं, सगळं काळं, गुळगुळीत. फडक्याने पुसलं तरी काही दिसेना. मग नख फिरवलं आणि भोकाच्या कडेपासून थोड्या अंतरावर नख अडकलं. केसाएवढी पायरी. पेट्रोलमधे भिजवलेलं फडकं दोन मिनिटं दाबून धरलं, पुसलं, तेव्हा एक गोल रेघ उमटली. तिथं अजून एक वॉशर होता! गॅरेजमधे आवळून आवळून चेंबरलाच चिकटलेला, वर इतका मळ की चेंबरचाच भाग वाटावा. म्हणजे पहिल्या वेळी मी नवा वॉशर त्याच्यावर लावला आणि नवा होता म्हणून निभावला, दुसऱ्या वेळी तोच दबलेला परत लावला तर कडेने ऑइलला वाट मिळाली.

स्क्रू ड्रायव्हरने उचकटायचा विचार मनात आला होता पण चेंबरच्या तोंडावर चरा पडला तर थेंब कायमचा. म्हणून आइस्क्रीमची लाकडी काडी तिरकी कापून कडेने फिरवत बसलो, साधारण वीस मिनिटं, पाठीवर झोपून, कोपर फरशीला. शेवटी टक् करून निघाला. पातळ पत्र्यासारखा झाला होता. त्याच्या खालचा चेंबरचा भाग बघितला तर चकचकीत, कारखान्यातून आला असेल तसा.

चेंबरचं तोंड पुसून, नवा वॉशर, बोल्ट आधी हातानेच पूर्ण फिरवला, मग टॉर्क रेंचने (किती जोराने आवळतोय ते मोजणारा पाना) ३५ न्यूटन मीटर. रेंच मित्राकडून आणला होता, आता स्वतःचा घेणार आहे. ३५ म्हणजे किती कमी असतं ते हाताला कळल्यावर आश्चर्य वाटलं, अंदाजाने मी याच्या बराच पुढे गेलो असतो.

फिल्टर पट्ट्याच्या पान्याने सुटला. जुन्या फिल्टरबरोबर त्याची रबरी रिंग पण आलीय का ते आधी बघितलं, वॉशरचं बघून तर जास्तच नीट, कारण रिंग इंजिनला चिकटून राहिली न् वर दुसरी बसली की थेंब नाही, धार लागते. नव्या रिंगला बोटाने ताजं ऑइल लावलं, रिंग टेकेपर्यंत हाताने, तिथून पाऊण फेरा.

अडीच लिटर ओतून थांबलो, मग थोडं थोडं. मिनिटभर इंजिन चालू, प्रेशरचा दिवा गेला, बंद करून स्टँड काढले, दहा मिनिटं थांबून डिपस्टिक. कॅनमधे अर्ध्या लिटरपेक्षा थोडं जास्त उरलं. खुणेच्या वर भरू नका, क्रँक (इंजिनचा फिरणारा दांडा) ऑइल घुसळते, फेस होतो, आणि फेसाने वंगण होत नाही.

जुनं ऑइल रिकाम्या कॅनमधे भरून ओळखीच्या गॅरेजच्या ड्रममधे दिलं, तिथून ते रिसायकलवाले नेतात. वापरलेलं ऑइल नियमाने घातक कचऱ्यात मोडतं. गटारात ओतणारे लोक मी बघितलेत, आणि आपलं गटार शेवटी मुठेतच जातं, तेव्हा प्लीज नको.

आज अकरावा दिवस, २४० किलोमीटर झाले, त्यात एकदा जुन्या कात्रज घाटातून शिरवळला जाऊन आलो. पुठ्ठा नवा टाकला होता, कोरडा आहे. बोल्टभोवती टिश्यू फिरवून बघितला, तोही कोरडा. चिकटलेला वॉशर डबीत ठेवलाय, भावाच्या आल्टोचं ऑइल पुढच्या महिन्यात करायचंय, ती पण त्याच गॅरेजमधे जायची, तेव्हा आधी नख फिरवून बघणार.