खाडा न धरणारी खानावळ

जुलै 2024 च्या पहिल्या आठवड्यात आम्ही फ्लोरिडातील ऑर्लँडोजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्ड या करमणूक पार्कांच्या संकुलात चार रात्री राहून आलो. बडोद्याला परतल्यावर दांडिया बाजारातल्या ओळखीच्या मंडळींनी तिथल्या झुल्यांपेक्षा जेवणाचीच अधिक चौकशी केली. ज्यांची मुले-लेकी अमेरिकेत आहेत त्यांना नातवंडांच्या हट्टाखातर आज ना उद्या तिकडे जावे लागणार आहे, आणि जेवणाचे पैसे आधीच भरून टाकावेत की तिथे लागतील तसे खर्चावेत, या प्रश्नाने त्यांना आत्ताच घेरले आहे. आम्हाला या प्रश्नाची दोन्ही उत्तरे एकाच वेळी पाहायला मिळाली, कारण आमच्या दोन खोल्यांपैकी एकीने पैसे भरले होते आणि दुसरीने भरले नव्हते.

माझी धाकटी बहीण न्यू जर्सीत असते. तिचा मुलगा अकरा वर्षांचा आणि मुलगी सहा वर्षांची आहे. शाळांना सुट्ट्या लागताच सर्वांनी मिळून जायचे, असे तिने ठरवले आणि डिस्नेच्याच पॉप सेंच्युरी या हॉटेलात दोन खोल्या घेतल्या. एका खोलीत ती, मेहुणे व मुले आणि दुसरीत मी, माझी पत्नी व चौऱ्याहत्तर वर्षांची आमची आई. आरक्षण करतानाच तिने विचारले, ‘दादा, डायनिंग प्लॅन घ्यायचा का? एका खोलीतल्या तीन वर्षांवरच्या सगळ्यांना घ्यावा लागतो, त्यामुळे तुमच्या खोलीचं तुम्ही ठरवा.’ जेवणाचे पैसे आधीच भरून टाकायची, 2020 साली बंद पडलेली ही योजना 9 जानेवारी 2024 पासून पुन्हा सुरू झाली होती, त्यामुळे तिचा उत्साह मोठा होता.

योजनेचे दोन प्रकार होते. स्वस्त प्रकारात दर रात्रीमागे माणशी काउंटरवरून घ्यायची दोन जेवणे आणि एक किरकोळ खाणे मिळत असे. त्याचा दर मोठ्यांना 57.01 डॉलर आणि तीन ते नऊ वर्षांच्या मुलांना 23.83 डॉलर होता. महाग प्रकारात काउंटरचे एक जेवण, टेबलावर बसून वाढून मिळणारे एक जेवण आणि एक किरकोळ खाणे असे. त्याला मोठ्यांना 94.28 आणि मुलांना 29.69 डॉलर पडत. दोन्हींत प्रत्येकाला एक मग मिळे, जो हॉटेलात हवा तितक्या वेळा भरून घेता येई, मात्र पार्कात त्याचा काही उपयोग नसे. दहा वर्षे पूर्ण झाली की मूल हिशेबात प्रौढ होते, ही गोष्ट अकरा वर्षांच्या भाच्याला फार अभिमानाची वाटली आणि मेहुण्यांना तेवढी वाटली नाही.

आता आईविषयी सांगायला हवे. माझ्या लहानपणी तिने बावीस वर्षे आमच्या घरी खानावळ चालवली. खानदेशातून सयाजीराव विद्यापीठात शिकायला आलेली मुले दोन्ही वेळा आमच्या माजघरात पंगतीला असत, आणि भिंतीवर खिळ्याला टांगलेल्या वहीत कोणी किती वेळा जेवले नाही, म्हणजे किती खाडे झाले, हे ती स्वतः लिहीत असे. बहिणीने व्हिडिओ कॉलवर योजना समजावून सांगितली, ती आईने शांतपणे ऐकून घेतली आणि एकच प्रश्न विचारला, ‘खाडा धरतात का?’

खाडा धरत नाहीत. न वापरलेली जेवणे हॉटेल सोडण्याच्या दिवशी मध्यरात्री संपतात आणि त्यांचे पैसे परत मिळत नाहीत. आई म्हणाली, ‘मग त्यांचं बरोबर आहे. आगाऊ पैसे घेऊन खाडा न धरणारी खानावळ कधी बुडत नाही. मला मात्र ते कधी जमलं नाही, पोरं गरीब घरची होती.’

या एका प्रश्नामुळे मी कागद-पेन घेऊन बसलो. तिघांचे चार रात्रींचे स्वस्त प्रकाराचे 684 डॉलर होत होते, आणि महाग प्रकाराचे 1131 डॉलर, म्हणजे त्या वेळच्या 83 रुपयांच्या आसपासच्या भावाने साधारण 94 हजार रुपये. पण आकड्यांपेक्षा आमच्या खाण्याची तऱ्हा महत्त्वाची होती. योजनेत पदार्थाची किंमत पाहिली जात नाही. एकाच उपाहारगृहात मांसाच्या सर्वांत महागड्या ताटालाही एकच जेवण खर्ची पडते आणि भाज्या-टोफूच्या वाडग्यालाही एकच. जेवणासोबत एकवीस वर्षांवरच्या माणसाला बिअर किंवा कॉकटेलही घेता येते, आणि योजनेचा दर ठरवताना ते कोणीतरी घेणार हे गृहीत धरलेले असणारच. आमच्या खोलीत मद्य घेणारे कोणी नव्हते, तिघेही शाकाहारी होतो, आई अंडेही खात नाही, आणि तिच्या दोन्ही एकादश्या असतात. म्हणजे शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या बार्बेक्यूचे थोडे पैसे आम्ही भरणार, असाच त्याचा अर्थ होता.

तरीही पत्नीचे म्हणणे मला खोडून काढता येईना. ती म्हणाली, ‘पैसे वाचतील की नाही, हा प्रश्नच वेगळा आहे. आईंना तिथे प्रत्येक पाटीवरचा आकडा दिसेल, त्या 83 ने गुणतील आणि मग म्हणतील, मला भूक नाही.’ हे शब्दशः खरे होते. मुंबई विमानतळावर चहाचा दर पाहून आईने, मला चहा सोसत नाही, असे सांगितले होते, जिने आयुष्यभर सकाळ-दुपार चहा घेतला आहे. आधी भरलेल्या पैशांचा खरा फायदा इथे आहे: तो हिशेबात दिसत नाही, पण जेवणाऱ्या माणसाच्या पोटात दिसतो.

तोडगा मेहुण्यांनी सुचवला. डिस्नेची गिफ्ट कार्डे अमेरिकेतल्या किराणा दुकानांतही मिळतात, पार्कातल्या बहुतेक सर्व खाण्याच्या ठिकाणी चालतात आणि त्यांची मुदत संपत नाही. आम्ही 500 डॉलरचे कार्ड घेतले आणि आईला सांगितले की जेवणाचे पैसे भरून झाले आहेत. तिने पुन्हा तोच प्रश्न केला, आणि या वेळी मी उत्तर दिले, ‘धरतात.’

ऑर्लँडोत उतरलो तेव्हा हवा बडोद्याच्या जून महिन्यासारखीच होती, अंगाला चिकटणारी. सामानात मेथीचे ठेपले, खाकरे, लिलो चेवडा आणि राजगिऱ्याचे लाडू होते. बाहेरचे खाणे पार्कात नेता येते, मात्र काचेची बाटली चालत नाही. आणि सरबते-कोला देणाऱ्या काउंटरवर मागितले तर बर्फाच्या पाण्याचा पेला फुकट मिळतो. हे दोन नियम ठाऊक असले की निम्मा प्रश्न सुटतो, आणि बाटलीबंद पाण्यावर योजनेतले किरकोळ खाणे खर्च करण्याची चूकही टळते, जी बहिणीच्या घरच्यांनी पहिल्या दुपारी दोनदा केली.

हॉटेलातून एपकॉट या पार्कात जाण्यासाठी तारेवरून चालणाऱ्या डब्यांची स्कायलायनर नावाची सोय आहे. आईला ती पावागडच्या उडन खटोल्यासारखी वाटली, फक्त वर देवी नाही, असे ती म्हणाली. एपकॉटमध्ये तळ्याभोवती अकरा देशांची दालने आहेत आणि त्यांत भारत नाही, हे तिच्या लगेच लक्षात आले. शाकाहाराची मात्र आम्हाला भीती होती तितकी अडचण झाली नाही. मेनूवर छोटे पान काढलेले असले की त्या पदार्थात मांस, दूध, अंडे आणि मधही नसतो. आपल्याकडच्या हिरव्या ठिपक्यापेक्षा हे पान कडक आहे, त्यामुळे आईने दुसऱ्या दिवसापासून काउंटरवर काही विचारणेच सोडून दिले. ती फक्त पान शोधत असे.

तिसऱ्या दिवशी दोन खोल्यांमधला फरक उघड झाला. आम्ही सर्व मॅजिक किंगडम या पार्कात होतो. संध्याकाळी पावणेसहाला बहिणीच्या घरच्यांचे शेफ मिकीज या ठिकाणी आरक्षण होते, जिथे बुफे जेवताना मिकी आणि त्याची मंडळी टेबलापाशी येऊन भेटतात. टेबलाच्या जेवणांची आरक्षणे साठ दिवस आधी उघडतात आणि चांगल्या जागा लगेच भरतात, म्हणून तिने ती मे महिन्याच्या सुरुवातीलाच करून ठेवली होती. ज्या झुल्यासाठी भाचा तासभर रांगेत उभा होता त्याचे तोंड दिसू लागले आणि नेमके पाच वाजले. रांग सोडावी तर मुलगा रडवेला, न सोडावी तर मिकीसोबतचे जेवण हुकणार. फ्लोरिडात त्या दिवसांत बहुतेक दुपारी येते तसे वादळ आले, विजा चमकू लागल्या, झुलाच बंद झाला आणि वाद आपोआप मिटला. भाचीने मिकीला मिठी मारतानाचा फोटो आता आमच्या देवघराशेजारच्या कपाटावर आहे. त्या बुफेत तेव्हा लहान मुलाचे एका वेळचे जेवण चाळीस डॉलरांच्या आसपास पडत होते आणि तिचे पूर्ण दिवसाचे भरलेले होते 29.69. लहान मूल सोबत असेल आणि मिकीसोबत जेवण व्हायचेच असेल, तर महाग प्रकार घ्यावा, असे माझे मत त्याच टेबलामुळे झाले.

आदल्या दिवशी ज्येष्ठ वद्य एकादशी होती. आईने राजगिऱ्याचे लाडू, दोन केळी आणि अननसाचे डोल व्हिप नावाचे गोठवलेले मऊ फळ-आइसक्रीम यांवर दिवस काढला. डोल व्हिप उपवासाला चालते की नाही यावर तिने स्वतःच निर्णय दिला आणि आम्ही कोणी चौकशी केली नाही. योजना घेतली असती तर त्या दिवशीची तिची दोन्ही जेवणे आम्हा दोघांना जबरदस्तीने खावी लागली असती.

चौथ्या संध्याकाळी आम्ही तिघे अ‍ॅनिमल किंगडम लॉजमधल्या सना या उपाहारगृहात गेलो. ते हॉटेलात असल्यामुळे पार्काचे तिकीट लागत नाही, आणि खिडकीबाहेर मोकळ्या कुरणात जिराफ व झेब्रे चरत असतात. तिथली प्रसिद्ध गोष्ट म्हणजे नान आणि त्यांसोबत ओळीने येणाऱ्या चटण्या, रायते आणि लोणचे. ते सगळे समोर मांडल्यावर आई बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, ‘हे नुसतं पानातलं डावं आहे. उजवं कुठे आहे?’ तरी तिने त्या आठवड्यातले सर्वांत समाधानाचे जेवण तिथेच केले, आणि जिराफाकडे पाहत चिंचेची चटणी संपवली. गंमत म्हणजे योजनेतल्या टेबलाच्या जेवणात मुख्य पदार्थ, गोड आणि पेय येते. मुख्य जेवणाआधी घ्यायचे पदार्थ येत नाहीत, आणि ही नान-चटण्यांची थाळी त्यांतच मोडते. आमच्यासारख्यांना जे खायचे होते तेच नेमके योजनेच्या बाहेर होते.

शेवटच्या रात्री बहिणीच्या घरच्यांची योजनेतली नऊ किरकोळ खाणी वापरायची राहिली होती. दहा वाजता ती आणि मेहुणे हॉटेलच्या फूड कोर्टमध्ये जाऊन जे हाती लागेल ते, मिकीच्या आकाराच्या मुरमुऱ्यांच्या वड्यांची पाकिटेच बहुतेक, पिशवी भरून घेऊन आले. विमानात ती पाकिटे आम्हा सर्वांच्या हातात होती आणि कोणालाच भूक नव्हती.

न्यू जर्सीला परतल्यावर आम्ही दोघा भावंडांनी हिशेब मांडला. तिने चार रात्रींचे 1250 डॉलर भरले होते, आणि खाल्लेल्या पदार्थांच्या किमती जोडल्या तर त्या 1330 च्या घरात जात होत्या. टेबलाच्या जेवणांची टिप योजनेत नसते, ती वेगळी गेली. म्हणजे ऐंशी डॉलर वाचले. पण ती स्वतःच म्हणाली, ‘दादा, प्लॅन नसता तर मी रोज गोड मागवलंच नसतं. मग वाचले कुठून?’ याचे उत्तर माझ्याकडे नव्हते आणि नाही. वाचलेले पैसे कशाच्या तुलनेत मोजायचे, हे आधी ठरवल्याखेरीज या योजनेचा हिशेब जुळतच नाही. तिने न मागवलेल्या ताटाची किंमत कोणत्याही पावतीवर छापलेली नसते. मेहुण्यांचे मत वेगळे पडले. पाच दिवस मुलांना एकदाही नाही म्हणावे लागले नाही, एवढ्यासाठी ते पुन्हा पैसे भरायला तयार आहेत.

आमच्या कार्डावरून पाच दिवसांत 476 डॉलर गेले, सनाचे बिल आणि टिप धरून. ठेपले तिसऱ्या दिवशी संपले, त्यांची किंमत मी धरलेली नाही. कार्डात उरलेले 24 डॉलर आईला दाखवले, तेव्हा तिने चष्मा लावून आकडा नीट वाचला आणि कार्ड भाचीच्या हातात दिले.

‘हा आजीचा खाडा,’ असे तिने मराठीतच सांगितले. भाचीला तो शब्द कळला नाही, पण पुढच्या वेळी मिकीकडे जाईपर्यंत कार्ड जपून ठेवायचे, एवढे मात्र कळले.