मेमरी भरली म्हणून व्हिडिओ अडकत नाही

गेल्या श्रावणात गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे आमचे नाना, म्हणजे वडिलांचे थोरले बंधू, खानदेशातल्या कानबाई देवीच्या उत्सवाच्या रविवारी सुरतेहून गावी येऊ शकले नाहीत. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावात त्या दिवशी बाहेरगावी गेलेली सारी भाऊबंदकी जमते. नानांची हळहळ पाहून माझ्या पुतण्याने आरती मोबाइलवरून थेट दाखवायचे ठरवले. पाचच मिनिटांत नानांचा फोन आला, ‘‘गोल फिरी ऱ्हायना. मेमरी भरी गयी व्हई.’’ (पडद्यावर गोल चिन्ह फिरतेय, मेमरी भरली असेल.) आरतीच्या गडबडीत मीही बोलून गेलो, ‘‘हो नाना, थोडी मोकळी करा.’’ त्या माझ्या एका वाक्यावर विसंबून नानांनी दोन वर्षांचे फोटो पुसले आणि संध्याकाळी नातवाला पाठवून ६४ जीबीचे कार्डही आणवले. सोमवारी विसर्जनाच्या वेळी ते गोल चिन्ह तसेच फिरत होते.

चूक माझीच होती. दुसरे कोणतेही गाणे त्याच फोनवर सुरळीत चालत होते, एवढी एक गोष्ट मी तेव्हा विचारली असती तर दोष नानांच्या फोनमध्ये नाही हे लगेच कळले असते.

घोळ ‘मेमरी’ या शब्दापाशी सुरू होतो. दुकानदार फोनच्या खोक्यावरचे ‘४ + ६४’ वाचून दाखवतो, त्यातल्या दोन्ही आकड्यांना आपण मेमरीच म्हणतो; पण त्यांची कामे निराळी आहेत. ६४ जीबी हे साठवणुकीचे कोठार आहे. फोटो, गाणी, अ‍ॅप तिथे राहतात आणि फोन बंद केला तरी जागेवरच असतात. ४ जीबी ही रॅम, म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असलेली कामाची जागा. फोन बंद झाला की ती कोरी होते. फोटो पुसल्याने कोठार रिकामे होते, रॅम वाढत नाही. हल्ली ‘व्हर्च्युअल रॅम’ म्हणून जे सांगितले जाते, तो कोठाराचाच एक कोपरा रॅमसारखा वापरण्याचा प्रकार आहे, आणि तो खऱ्या रॅमपेक्षा बराच मंद असतो.

आता स्ट्रीमिंगला यातले नेमके काय लागते ते पाहू. पूर्वी व्हिडिओ पूर्ण उतरवून घ्यायचा आणि मग पाहायचा, अशी रीत होती. स्ट्रीमिंगमध्ये तो काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो. एक तुकडा पडद्यावर चालू असतानाच अ‍ॅप पुढचे तुकडे मागवून ठेवते आणि पाहून झालेले बहुतेक टाकून देते. अ‍ॅपलने २००९ साली आणलेली एचएलएस पद्धत याच तत्त्वावर चालते. तिच्यात तुकडा आधी सुमारे १० सेकंदांचा असे, पुढे अ‍ॅपलने तो ६ सेकंदांचा ठेवण्याची शिफारस केली. एकच व्हिडिओ लहानमोठ्या अनेक दर्जांत तयार ठेवलेला असतो, आणि जोडणी मंदावली की अ‍ॅप पुढचा तुकडा हलक्या दर्जाचा मागवते. चित्र मध्येच धूसर होऊन पुन्हा स्वच्छ होते ते यामुळे.

पुढच्या तुकड्यांच्या या शिलकीला बफर म्हणतात. नानांनी सुरतेला जाण्यापूर्वी वीस वर्षे शेती केली आहे, म्हणून त्यांना मी विहिरीवरच्या हौदाची आठवण करून दिली. लाइट येईल तेव्हा मोटार हौद भरते, पण कपाशीच्या बुडाशी ड्रीपर ताशी ४ लिटरनेच पाणी सोडत राहतो. मोटार मध्ये बंद पडली तरी हौदात पाणी आहे तोवर झाडाला ते कळतही नाही. हौद कोरडा पडला की ठिबक थांबते, आणि पडद्यावर ते गोल चिन्ह दिसते तेही नेमके याच क्षणी. अशा वेळी घरात धान्याची कोठी नवी आणून काय उपयोग? नानांचे कार्ड म्हणजे ती कोठी होती.

थेट प्रक्षेपणात आणखी एक अडचण असते. जे अजून घडलेलेच नाही ते साठवून ठेवता येत नाही, त्यामुळे हौद मोठा करायचा तर प्रक्षेपणच मागे ठेवावे लागते. फोनवर नानांना आरतीचा शेवट ऐकू आला तेव्हा त्यांच्या पडद्यावर अजून मधलेच कडवे चालू होते, ते याच कारणाने. आमच्याकडे मूळ दुखणे त्याच्याही अलीकडे होते. पुतण्याचा फोन चित्र वर पाठवत होता, आणि मोबाइल जोडणीत वर पाठवण्याचा वेग सहसा खाली उतरवण्याच्या वेगापेक्षा कमी असतो. त्यात कानबाईसाठी जमलेले सगळे गाव त्या एकाच टॉवरवर होते. विहिरीलाच पाणी कमी असल्यावर सुरतेच्या शेतातला ड्रीपर बदलून काय होणार?

वेगाच्या आकड्यांतही असाच घोळ आहे. ‘४० एमबीचे नेट’ असे कोणी सांगतो तेव्हा ते सेकंदाला ४० मेगाबिट असते. ८ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून फाइल उतरते ती जास्तीत जास्त सेकंदाला ५ मेगाबाइट या वेगाने. बाइट हा शब्द १९५६ साली आयबीएममधल्या वेर्नर बुखोल्ट्झ यांनी योजला, आणि घाईत तो ‘बिट’ वाचला जाऊ नये म्हणून त्याचे इंग्रजी स्पेलिंग मुद्दाम बदलून घेतले. रोमन लिपीत बिटसाठी लहान आणि बाइटसाठी मोठे अक्षर लिहून निदान भेद दाखवता येतो. देवनागरीत ‘एमबी’ लिहिले की तोही जातो. म्हणून मी आता ‘मेगाबिट’ किंवा ‘मेगाबाइट’ असे पूर्णच लिहितो. सेकंदाला २ मेगाबिट घेणारा व्हिडिओ तासाभरात सुमारे ९०० मेगाबाइट खातो, म्हणजे दिवसाला दीड जीबीचा पॅक १ तास ४० मिनिटांत संपतो. नानांना तो ‘रोज दुपारीच कसा संपतो’ याचे कोडे होते.

नवे कार्ड दुकानातल्या संगणकाला लावले तर ते ५९ जीबीच दाखवू लागले, आणि नानांना आपण फसवले गेलो असे वाटले. दुकानदार बिचारा निर्दोष होता. कार्ड बनवणारा एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतो; विंडोज मात्र १०२४ च्या पटीने मोजते, म्हणून तिच्या हिशेबात ६४ चे सुमारे ५९.६ होतात. या दुसऱ्या मापाला १९९८ पासून गिबिबाइट असे स्वतंत्र नाव आहे, पण विंडोज अजूनही त्याला जीबीच म्हणते.

राहता राहिली कॅश. नातवाने ‘कॅश साफ करा’ म्हटले तेव्हा नानांनी खिसा चाचपला होता, आणि उच्चार ऐकून त्यांनी दुसरे काय करावे! ही कॅश म्हणजे एकदा पाहिलेले पुन्हा लागेल म्हणून जवळ ठेवलेले. बफर म्हणजे अजून पाहायचे असलेले. कॅश साफ केल्याने कोठारात थोडी जागा होते, अडकलेले एखादे अ‍ॅप कधीकधी सुटतेही, पण टॉवरवरची गर्दी हटत नाही.

पोळ्याच्या आधी मी सुरतेला गेलो. फोनच्या कचरापेटीत पुसलेले फोटो ३० दिवस राहतात, त्यामुळे बरेचसे परत मिळाले. नानांनी त्या पेटीतूनही काढून टाकलेले मात्र गेले. परत आलेले सारे आम्ही नव्या कार्डात भरले. यंदा पुतण्या ज्यांच्याकडे फायबर आहे त्या शेजाऱ्यांच्या वायफायवरून, चित्राचा दर्जा ४८० ओळींवर उतरवून कानबाई दाखवणार आहे, आणि श्रावण लागण्यापूर्वी एका साध्या रविवारी आम्ही त्याची चाचणी घेणार आहोत.