एकांची रांग: नऊ, दहा आणि मग थेट एकोणीस

कापरेकर संख्यांची यादी वाढवत नेणं चालूच आहे. (कापरेकर संख्या म्हणजे जिच्या वर्गाचे दोन तुकडे करून मिळवले की तीच संख्या परत येते: ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५.) ४५, २९७, ७०३ ही नेहमीची मंडळी बाजूला ठेवून या खेपेला नुसत्या १ या अंकाच्या संख्या धरल्या. त्यांचे वर्ग आपल्याला पाठच असतात: १११ चा १२३२१, नऊ एकांचा १२३४५६७८९८७६५४३२१. या संख्यांना ज्यांचं नाव आहे त्या देवळालीच्या कापरेकर मास्तरांनी यांना डेमलो संख्या या आपणच नाव दिलेल्या प्रकारात बसवलं. (एक्सेलमध्ये हा सतरा अंकी वर्ग काढू नका, पंधरा अंकांपुढे तो शून्यं भरतो. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा बरी.)

हे वर्ग उलटसुलट सारखेच वाचता येतात, त्याचं कौतुक पुष्कळ झालंय. मी लावली कापरेकर चाचणी. संख्येत जितके अंक, तितके तिच्या वर्गाच्या उजवीकडून तोडायचे आणि डावीकडे उरलेल्यात मिळवायचे. बेरीज म्हणून तीच संख्या परत यायला हवी.

११: १ + २१ = २२
१११: १२ + ३२१ = ३३३
११११: १२३ + ४३२१ = ४४४४

नऊ एकांना १२३४५६७८ + ९८७६५४३२१ = ९९९९९९९९९. जितके एक, तितकी पट! सगळे नापास, पण काय शिस्तीत.

दहा एकांचा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१. डौल गेला, डावीकडचा आठ गायब, मधे दोन शून्यं. बहुतेक जण इथेच थांबतात. पण तोडून बघा: १२३४५६७९० + ०९८७६५४३२१ = ११११११११११. पास!

कारण साधं आहे. अशी तोडून बेरीज केली की तितक्याच नवांच्या संख्येने भागल्यावर येणारी बाकी बदलत नाही, आणि नवांची ती रांग म्हणजे एकांच्या रांगेची नऊपट. त्यामुळे सगळं एका गोष्टीवर येऊन ठेपतं: एक किती आहेत आणि त्या आकड्याला ९ ने भागून काय उरतं. १ उरला की बेरीज तीच संख्या. म्हणजे १०, १९, २८, ३७ एकांच्या सगळ्या रांगा कापरेकर संख्या.

यातली १९ वाली माझी लाडकी. दहा एकांचे ११ × ४१ × २७१ × ९०९१ असे तुकडे पडतात, पण १११११११११११११११११११ ही मूळ संख्या आहे. तिच्या वर्गाचे दोन भाग:

१२३४५६७९०१२३४५६७९० + ०९८७६५४३२०९८७६५४३२१

बेरीज करून बघा, एकोणीस एक येतात. मूळही आणि कापरेकरही.

मग मूळ असलेल्या इतर रांगा चाळल्या. २, २३, ३१७, १०३१, ४९०८१, ८६४५३ एकांच्या. एकालाही ९ ने भागून १ उरत नाही. पुढची १,०९,२९७ एकांची. ती बहुधा मूळ असल्याचं २००७ मध्ये सापडलं. अंकांची बेरीज २८, म्हणजे बाकी १! ती खरंच मूळ असल्याचं २०२५ मध्ये सिद्धही झालं, म्हणजे हीसुद्धा मूळही आणि कापरेकरही. पायथनमध्ये पडताळायचं असेल तर वर्ग छापत बसू नका, नुसती बेरीज जुळते का ते विचारा.