लाखाचे चाळीस हजार झाल्यावर: छोटं ट्रेडिंग भांडवल सावरताना

खात्यात १ लाखाचे ४० हजार उरले की तोटा ६० टक्क्यांचा दिसतो, पण परत लाखावर जायला नफा लागतो १५० टक्के. ही दरी डोळ्यांसमोर असली की हात आपोआप मोठ्या सौद्याकडे वळतो. म्हणून मी सर्वांत आधी लाखाचा आकडा वहीतून काढला. नव्या वहीत पहिल्या ओळीला ४०,०००, बस्स. जुन्या तोट्याची जागा आयकर विवरणपत्रात आहे. ते मुदतीत भरलं तर शेअर विक्रीतला तोटा पुढची ८ वर्षं भांडवली नफ्यातून वजा करता येतो. मुदत चुकली की ही सवलत गेली.

त्याच दिवशी ब्रोकरकडचं एफ अँड ओ, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शन्सचं, सेगमेंट बंद करून टाकलं. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीच्या सप्टेंबर २०२४च्या अहवालानुसार आधीच्या तीन आर्थिक वर्षांत तिथले ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते. भांडवल सावरायची ती जागाच नव्हे. फक्त कॅश, फक्त डिलिव्हरी, म्हणजे पूर्ण पैसे देऊन शेअर डीमॅट खात्यात घ्यायचे.

आता मुख्य गोष्ट: किती शेअर घ्यायचे. हे बाजार बंद असताना, रात्री जेवणं आटोपल्यावर ठरवायचं. एका सौद्यात भांडवलाच्या १ टक्क्याहून जास्त जोखीम नाही, म्हणजे ४०० रुपये. शेअर ३२० ला आहे आणि चार्टवर स्टॉपलॉस (तोटा थांबवायला ज्या भावाला विकायचं तो भाव) ३०४ ला बसतो असं समजा. फरक १६ रुपये. ४०० भागिले १६, म्हणजे २५ शेअर. गुंतले ८,००० रुपये. स्टॉपलॉस लांब असेल तर शेअर कमी घ्यायचे. शेअर जास्त हवेत म्हणून स्टॉपलॉस जवळ ओढला, तर बाजाराच्या रोजच्या हेलकाव्यातच तो उडतो.

१ टक्काच का? लागोपाठ दहा सौदे चुकले तरी ४० हजारांचे सुमारे ३६,१७५ उरतात. ५ टक्के जोखमीने तेच २३,९५० वर येतात, १० टक्क्यांनी १४ हजारांच्याही खाली. आणि दहा चुकीचे सौदे ओळीने येतात, त्यात आश्चर्य काही नाही.

खर्च विसरू नका. ८,००० च्या सौद्यात ब्रोकरेज शून्य धरलं तरी खरेदी-विक्रीचा एसटीटी (शेअर व्यवहारांवरचा कर) साधारण १६ रुपये, मुद्रांक शुल्क सव्वा रुपया, वर विक्रीच्या दिवशी डीपी चार्ज (डीमॅट खात्यातून शेअर काढण्याचं शुल्क), बहुतेक ठिकाणी पंधरा-वीस रुपये. म्हणजे ३५-४० रुपये गेले. डीपी चार्ज शेअर कितीही विकलेत तरी तेवढाच, त्यामुळे दोन-दोन हजारांचे सौदे करणं परवडत नाही.

पावसाळ्यात आमच्याकडे, रत्नागिरीच्या खाली किनाऱ्याकडे, लाइट गेली की थोड्या वेळाने रेंजही जाते. तेव्हा स्क्रीनसमोर बसून स्टॉपलॉस मारू हा भरवसा चालत नाही. खरेदी झाली की त्याच दिवशी जीटीटी लावायचा: भाव ट्रिगरला आला की ब्रोकरची यंत्रणा आपोआप विक्रीची ऑर्डर टाकते, आणि लिमिट म्हणजे त्याहून कमी भावाला विकायचं नाही ती मर्यादा. ट्रिगर ३०४ असेल तर लिमिट ३०० ठेवावी, कारण लिमिटही ३०४ ठेवली आणि भाव झटक्यात खाली गेला, तर ऑर्डर लागते पण शेअर विकले जात नाहीत. सकाळी भाव २९५ लाच उघडला तर ३०० ची लिमिटही वाचवत नाही. म्हणून तिमाही निकालाच्या आदल्या दिवशी त्या कंपनीचे शेअर मी ठेवत नाही. आणखी एक, फार कमी जण आधी तपासतात: ब्रोकरला डीडीपीआय (विकलेले शेअर डीमॅट खात्यातून काढायची लेखी परवानगी) दिलेला नसेल तर विक्रीला टीपिन, म्हणजे डीमॅटचा पिन, आणि ओटीपी लागतो. ते वेळेत झालं नाही तर ट्रिगर होऊनही ऑर्डर रिजेक्ट. रेंज नसताना ओटीपी कुठला येणार? पावसाआधी डीडीपीआय करून घ्या.

वहीत दोन रकाने वेगळे हवेतच: बाहेरून भरलेले पैसे आणि सौद्यांतून आलेले पैसे. एप्रिल-मे मध्ये आंब्याचे पैसे हातात येतात, त्यातले १० हजार खात्यात टाकले की शिल्लक वाढलेली दिसते आणि भांडवल सावरलं असं वाटायला लागतं. प्रत्यक्षात सौद्यांचा रकाना उणे असू शकतो. जोखमीची रक्कम मी या दुसऱ्या रकान्यावरच वाढवतो. नव्या वहीपासूनचा निव्वळ नफा १० टक्क्यांवर गेल्याशिवाय ४०० चे ४४० करायचे नाहीत. उलट बाजूला मात्र वाट पाहायची नाही: लागोपाठ तीन स्टॉपलॉस लागले की पुढचा सौदा २०० च्या जोखमीने, महिन्यात ६ टक्के गेले की त्या महिन्याची खरेदी बंद.

गणपतीचा खर्च या खात्यातून काढायची वेळ येऊ देऊ नका. घाईने विकलेले शेअर बहुधा चांगलेच असतात. काढायचेच असतील तर आधी मोजा. सोमवारी विकलं तर सेटलमेंट मंगळवारी, त्यानंतर पैसे काढायची विनंती, मग बँक. शिवाय चतुर्थीला बाजार बंद. मुंबईकर घरी पोचायच्या आठवडाभर आधी विक्री उरकलेली बरी, आणि काढलेली रक्कम वहीत बाहेरच्या पैशांच्या रकान्यात उणे लिहून, १ टक्का उरलेल्या शिल्लकेवर नव्याने काढायचा.